इंकस्केपमध्ये चौरस, त्रिकोण, वर्तुळ मापात कसे काढायचे? (कंदिलाचा साचा)

जांभळीनाका
नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या मुलांसाठी कंदिलाचे कोरे संच करायचे आहेत. ६ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण जोडून होतो तो प्रकार, कड १२० मिमी. इंकस्केप १.३ (संगणकावर रेखाचित्रं काढायचा प्रोग्राम) वापरतोय. आकार साधेच आहेत, पण जुळत नाहीत.

चौरस काढून सिलेक्टरच्या (आकार निवडायच्या टूलच्या) वरच्या पट्टीत डब्ल्यू (रुंदी) आणि एच (उंची) दोन्हीत १२० टाकले. त्रिकोण स्टार टूलने काढला, रुंदी-उंचीचं प्रमाण राखणारं कुलूप लावून डब्ल्यूमध्ये १२० टाकले. रेघ १ मिमी. रेघेच्या मध्यावर कापलं की चौरस ११९ भरतो आणि त्रिकोण ११८ च्या किंचित वर. दुसरा प्रश्न खिडकीचा. चारी बाजूंना १२ मिमी पट्टी ठेवून आत रंगीत कागद लावायचा आहे. चौरसात खिडकी बरोबर बसते. त्रिकोणात मध्यावर अलाइन केली तरी खालची पट्टी जाड आणि बाजूच्या बारीक दिसतात.

छपाई १२×१८ इंची शीटवर, गोखले रोडला. काही संच वागळे इस्टेटमध्ये लेझरवर कापून घ्यायचे आहेत.

कर्कटक
पहिल्या प्रश्नाचं मूळ बाउंडिंग बॉक्समध्ये (आकाराभोवतीच्या मापाच्या चौकटीत) आहे. इंकस्केप मुळातून 'व्हिज्युअल' बाउंडिंग बॉक्स दाखवतं, म्हणजे रेघेच्या जाडीसकट माप. आकाराची खरी कड रेघेच्या मध्यातून जाते. चौरसाला १ मिमी रेघ असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिमी बाहेर येतो. पट्टीत १२० टाकले की आतला चौरस ११९ चा उरतो.

त्रिकोणाचं गणित वेगळं आहे. ६० अंशाच्या कोपऱ्यात टोकदार जोड असेल तर रेघेचं टोक शिरोबिंदूपासून रेघेच्या जाडीइतकं, म्हणजे पूर्ण १ मिमी पुढे जातं. पायाची लांबी जाडीच्या १.७३२ पट वाढते. म्हणून तुमचा त्रिकोण ११८.२७ चा झाला. चौरस आणि त्रिकोणात पाऊण मिमीचा फरक इथूनच आलाय. एका कडेला तो खपून जाईल. पण या कंदिलात २४ कडा आहेत आणि प्रत्येक कडेवर एक चौरस आणि एक त्रिकोण भेटतो, तेव्हा शेवटचा तुकडा बसवताना कागद फुगतो.

उपाय: एडिट > प्रेफरन्सेस > टूल्स. तिथे सगळ्यात वर 'बाउंडिंग बॉक्स टू यूज' आहे. व्हिज्युअल काढून 'जिओमेट्रिक' करा. यानंतर रेघ ०.१ असो की ५ मिमी, पट्टीतला आकडा खऱ्या कडेचाच असतो.

मग त्रिकोणाचा डब्ल्यू १२० केल्यावर एच १०३.९२३ दिसलाच पाहिजे (१२० × ०.८६६०२५). वेगळा आकडा आला तर त्रिकोण तिरका आहे किंवा समभुज राहिलेला नाही. छपाईच्या आधी ही एवढी तपासणी पुरते.

घणसोलीकर
कर्कटक यांचं बरोबर आहे. त्यात आकार काढण्याबद्दल थोडी भर, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात.

चौरस: आर दाबा, कंट्रोल धरून ओढा. पण कंट्रोलने चौरसच येतो असं नाही. इंकस्केप १:२, १:३ अशा पूर्णांकी गुणोत्तरांवरही अडकतं आणि सुवर्ण गुणोत्तरावरही. खाली स्टेटस बारवर काय लिहिलंय ते बघा. त्यापेक्षा कसाही आयत काढा आणि टूल न बदलता वरच्या पट्टीत डब्ल्यू १२०, एच १२० टाकून एंटर मारा. आयत टूलच्या पट्टीतलं हे माप नेहमी खऱ्या कडेचंच असतं, सेटिंग कोणतंही असो. तुम्ही सिलेक्टरमध्ये न जाता इथे आकडे टाकले असते तर चौरस तरी पहिल्यापासून बरोबर आला असता.

त्याच पट्टीत आरएक्स, आरवाय हे गोलाईचे आकडे असतात. आधीच्या आयताला गोल कोपरे दिले असतील तर नवीन आयत तसेच येतात. शेवटचं बटण कोपरे टोकदार करतं.

त्रिकोण: स्टार टूल घ्या, पट्टीत ताऱ्याऐवजी पॉलिगॉन निवडा, कॉर्नर्स ३. 'राउंडेड' आणि 'रँडमाइज्ड' दोन्ही शून्यावर आहेत ना ते बघा. आयतासारखीच इथेही आधीची सेटिंग राहते आणि त्रिकोणाच्या बाजू किंचित फुगलेल्या येतात. ०.०२ इतकी गोलाई डोळ्याला दिसत नाही, कागदाला दिसते. शंका आली तर पट्टीच्या टोकाचं रीसेट बटण दाबा.

बहुभुज नेहमी मध्यातून काढला जातो आणि माउस नेता त्या दिशेला एक शिरोबिंदू येतो. म्हणून कंट्रोल धरून सरळ वर ओढा. कंट्रोलमुळे कोन १५ अंशांच्या टप्प्याने फिरतो, तेव्हा पाया बरोबर आडवा येतो. आडवं ओढलंत तर टोक उजवीकडे जाईल आणि मग कड डब्ल्यूमध्ये न दिसता एचमध्ये दिसेल. तिरकं राहिलं तर दोन्हीत नाही.

वर्तुळ: ई दाबा, कंट्रोल धरून ओढा. मापासाठी पट्टीत आरएक्स, आरवाय आहेत, पण या त्रिज्या आहेत. ४० मिमी व्यासाचं भोक हवं असेल तर २० टाकायचे. शिफ्ट धरलं तर आयत आणि वर्तुळ दोन्ही मध्यापासून वाढतात.

जांभळीनाका
जिओमेट्रिक केलं. एच १०३.९२३ आला 🙏 खिडकीचं काय?

कोनमापक
अलाइनचं बटण बाउंडिंग बॉक्सचा मध्य जुळवतं. चौरस, वर्तुळ, षटकोन यांत तो मध्य आणि आकाराचा मध्य एकच असतो. त्रिकोणात नसतो. तुमच्या त्रिकोणाच्या चौकटीचा मध्य पायापासून ५१.९६ मिमीवर आहे, खरा मध्य पायापासून उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ३४.६४ वर.

पट्टी १२ हवी तर आतल्या त्रिकोणाची उंची १०३.९२ − ३६ = ६७.९२ आणि कड ७८.४३. वर ३६ वजा झाले, कारण खाली १२ लागतात आणि टोकाकडे २४. नुसतं अलाइन केलं तर वर १८, खाली १८ अशी विभागणी होते. मग पायाची पट्टी १८ ची आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ९ च्या. खालची बाजूच्या बरोबर दुप्पट, म्हणूनच लगेच डोळ्यात भरते.

करायचं असं. मोठ्या त्रिकोणाची प्रत (कंट्रोल+डी), कुलूप लावून डब्ल्यू ७८.४३. मग कंट्रोल+शिफ्ट+ए ने अलाइन उघडून उभा आणि आडवा दोन्ही मध्य जुळवा. आता छोट्या त्रिकोणाच्या वाय खान्यात जो आकडा असेल त्याच्या पुढे +६ लिहून एंटर. ही खाणी बेरीज-वजाबाकी करतात. १.० पासून वाय वरून खाली वाढतो, म्हणून अधिक केलं की आकार खाली जातो. ०.९२ वापरणाऱ्यांनी उणे करावं.

दुसरा मार्ग पाथ > इनसेट. प्रेफरन्सेस > बिहेवियर > स्टेप्समध्ये इनसेटचा टप्पा १२ मिमी करा, प्रत निवडून एकदाच इनसेट मारा. सगळ्या बाजूंनी सारखं आत येतं, मध्याची भानगडच नाही. फक्त इनसेटनंतर तो त्रिकोण पाथ होतो, त्याचे कॉर्नर्स वगैरे पुन्हा बदलता येत नाहीत.

मग दोन्ही निवडून पाथ > डिफरन्स. वरचा आकार खालच्यातून कापला जातो, म्हणून छोटा वर हवा. उलट क्रम असेल तर छोट्यातून मोठा वजा होऊन काहीच उरत नाही आणि लोकांना वाटतं प्रोग्राम बिघडला.

तीनहातनाका
एवढा खटाटोप कशाला, कोरल (कोरलड्रॉ, असाच रेखाटनाचा प्रोग्राम) घ्या. एफ६ आयत, एफ७ वर्तुळ, वाय बहुभुज. मापाच्या खान्यात रेघ धरलीच जात नाही. आणि छपाईवाल्याकडे बहुतेक वेळा कोरलच असतं, फाइल तशीच उघडते.

कर्कटक
कोरल असेल तर जरूर वापरा, चांगलंच आहे. पण सोसायटीच्या कामासाठी कोणी परवाना विकत घेणार नाही आणि इंकस्केप फुकट आहे. ज्यांच्याकडे कोरल आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कंट्रोल धरून चौरस काढताना आधी माउस सोडा, मग कंट्रोल. उलट केलंत तर शेवटच्या क्षणी आयत होतो. आणि त्रिकोणाला कुलूप उघडून रुंदी १२०, उंची १०३.९२३ दोन्ही आकडे टाका, डोळ्यावर विसंबू नका.

इलस्ट्रेटर या तशाच प्रोग्रामवरून येणाऱ्यांची बोटंही फसतात. तिथे शिफ्टने चौरस आणि ऑल्टने मध्यातून. इंकस्केप आणि कोरलमध्ये कंट्रोलने चौरस, शिफ्टने मध्यातून.

तीनहातनाका
मान्य. पण खिडकीचा मध्य कोरलच्या अलाइनमध्येही असाच चुकतो, तेवढं लिहून ठेवा.

सीवूड्स_लोकल
चिकटवायच्या पट्ट्या कुठे द्यायच्या, चौरसाला की त्रिकोणाला?

कोनमापक
फक्त चौरसांना. ६ चौरसांच्या २४ कडा, ८ त्रिकोणांच्या २४ कडा, आणि प्रत्येक चौरसाच्या कडेला त्रिकोणच येतो. दोघांनाही पट्ट्या दिल्या तर प्रत्येक सांध्यावर कागद तिहेरी होतो.

पट्टीच्या टोकांचा तिरकेपणा मात्र नीट ठरवा. नेहमीच्या सवयीने लोक ४५ अंश देतात. इथे त्रिकोणाच्या मागे तीन चौरसांच्या तीन पट्ट्या येतात आणि ६० अंशाच्या एका कोपऱ्यात दोन पट्ट्यांना जागा वाटून घ्यावी लागते, म्हणजे प्रत्येकीला ३० अंश. ४५ दिले तर कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर चढतात. आत दिवा लावला की तिथे काळे डाग दिसतात. ३० अंशासाठी १० मिमी रुंद पट्टीचं टोक दोन्हीकडून १७.३२ मिमी आत घ्या. बाहेरची कड ८५.३६ उरते. तुमच्या खिडकीची पट्टी १२ मिमी असल्याने १० मिमीची पट्टी तिच्यामागे लपते आणि २ मिमी मोकळे राहतात.

घणसोलीकर
काढायची कृती:

१२०×११ चा आयत घ्या, चौरसाच्या वरच्या कडेवर असा ठेवा की १ मिमी चौरसाच्या आत जाईल आणि १० बाहेर. पाथ > ऑब्जेक्ट टू पाथ (कंट्रोल+शिफ्ट+सी). एन दाबून नोड टूल घ्या. वरच्या डाव्या नोडवर (कोपऱ्याच्या बिंदूवर) क्लिक करून एक्स खान्यात +१७.३२, उजव्याला −१७.३२.

आतला तो १ मिमी मुद्दाम आहे. पट्टी नुसती कडेला टेकवली आणि शतांश मिमीची फट राहिली तर युनियन (दोन्ही आकार जोडून एक) केल्यावर पट्टी सुटी राहते किंवा मध्ये केसासारखी चीर येते. स्क्रीनवर काही कळत नाही, लेझर मात्र इमानदारीने तिथून कापतो. शिवाय आयत आतून सुरू झाल्यामुळे घडीच्या रेषेवर पट्टी कोपऱ्यापासून दीडेक मिमी आत येते. घडी मारताना कोपरे अडकत नाहीत.

बाकी तीन पट्ट्या: एस दाबून सिलेक्टर घ्या, पट्टीवर पुन्हा क्लिक करा म्हणजे फिरवायचे बाण दिसतील आणि मध्ये अधिकचं चिन्ह. ते चिन्ह ओढून चौरसाच्या मध्यावर न्या, स्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) चालू ठेवून. मग कंट्रोल+डी, कंट्रोल+]. असं तीनदा. दर वेळी ९० अंश फिरते आणि प्रतीलाही तोच फिरण्याचा मध्य मिळतो.

युनियनच्या आधी मूळ चौरसाची एक प्रत वेगळ्या लेयरवर ठेवा. ती घडीची रेष. युनियन झालं की चौरसाची कड नाहीशी होते आणि घडी कुठे मारायची ते कळत नाही. खिडकी ९६×९६, ती शेवटी कापा.

सीवूड्स_लोकल
स्नॅप चालू असूनही चिन्ह चौरसाच्या मध्याला चिकटत नाही.

घणसोलीकर
स्नॅपच्या पॅनेलमध्ये ऑब्जेक्टचे मध्यबिंदू बंद असतील. १.२ पासून ते साध्या यादीत दिसत नाहीत, 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड' करा. नाहीतर चौरसाच्या मध्यातून दोन गाइड ओढून घ्या, त्यांना चिकटतंच.

रबाळे_एमआयडीसी
शीटवर मांडणी मी सांगतो. १२×१८ म्हणजे ३०५×४५७ मिमी. पट्ट्यांसकट चौरस १४०×१४०, ५ मिमी अंतर ठेवून २×३ लावले तर २८५×४३० होतात. सहाही एका शीटवर बसतात आणि मशीनला कडेला पकडायला जागाही राहते.

त्रिकोण एक सुलटा एक उलटा (व्ही दाबला की उभा पलटतो). हाताने कापायचं असेल तर कडेला कड लावा, एक्स दर वेळी ६० ने वाढवा: चार त्रिकोणांची रांग ३०० मिमी, दोन रांगांत आठ.

लेझरसाठी असं चिकटवू नका. दोन त्रिकोणांची सामायिक कड फाइलमध्ये दोन रेषा असते, लेझर एकावर एक दोनदा फिरतो, कागद करपतो. मध्ये ३ मिमी फट ठेवा. तिरक्या बाजूंमध्ये ३ मिमी हवे तर एक्स ६३.४६ ने वाढवायचा, ६३ ने नाही. चार त्रिकोण ३१०.४ मिमीत येतात, शीट आडवं धरलं की आरामात.

फाइल देताना:

– सगळे आकार पाथ करा. क्लोन (मूळ आकाराशी जोडलेल्या प्रती) वापरले असतील तर अनलिंक (शिफ्ट+ऑल्ट+डी), नाहीतर काही मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच प्रत दिसते.
– फिल (आतला रंग) काढून टाका, कापायची रेष एका रंगात, घडीची दुसऱ्या रंगात. कोणता रंग कशाला ते कापणाऱ्याला आधी विचारा. प्रत्येकाची पद्धत वेगळी.
– एसव्हीजीपेक्षा पीडीएफ द्या, माप हलत नाही.

लेझर स्वतः ०.१ ते ०.२ मिमी माल खातो. कागदाला त्याने फरक पडत नाही. खाचेत खाच बसवायचा एमडीएफचा कंदील असेल तर पडतो, तिथे आधी छोटा तुकडा कापून बघायचा.

जांभळीनाका
मित्राने इलस्ट्रेटरमधून चौरसावरच्या नक्षीची एसव्हीजी दिली. त्याच्याकडे ९६ मिमी, माझ्याकडे ७२ दिसते.

कर्कटक
७२ आणि ९६, उत्तर त्यातच आहे. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ पिक्सेल धरतं, इंकस्केप ९६. ट्रान्सफॉर्म (कंट्रोल+शिफ्ट+एम) > स्केलमध्ये दोन्हीकडे १३३.३३३ टक्के करा, ९६ होईल. तसंच इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या फाइली ९० पिक्सेलच्या असतात. उघडताना इंकस्केप विचारतं तेव्हा नुसतं ओके करू नका, नाहीतर १०० चे ९३.७५ होतात.

स्केल करण्याआधी सिलेक्टरच्या पट्टीत उजवीकडे 'रेघेची जाडी सोबत वाढव' आणि 'गोल कोपऱ्यांची त्रिज्या सोबत वाढव' ही बटणं आहेत, ती काय स्थितीत आहेत ते बघून घ्या.

सीवूड्स_लोकल
नक्षीत आठ टोकांचा तारा हवाय, दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यासारखा. स्टार टूलचा 'स्पोक रेशो' (आतल्या आणि बाहेरच्या टोकांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर) किती?

कोनमापक
०.७६५. पाच टोकांच्या नेहमीच्या ताऱ्याला ०.३८२, सहा टोकांच्या दोन त्रिकोणांच्या ताऱ्याला ०.५७७. आठचाच अधिक टोकदार हवा तर ०.५४१. टोक ओढताना कंट्रोल धरा, नाहीतर तारा भिंगरीसारखा पिरगळतो.

जांभळीनाका
शेवटचं. १२० कडेचा कंदील प्रत्यक्षात केवढा होईल? गॅलरीत टांगायचा आहे.

कोनमापक
वर चौरस ठेवून टांगला तर उंची कडेच्या १.४१४ पट, १६९.७ मिमी. त्रिकोण वर ठेवला तर १९६. समोरासमोरची दोन टोकं २४० वर. झिरमिळ्या वेगळ्या. साधारण वीतभर, म्हणजे गॅलरीला लहानच वाटेल. २०० ची कड घेतली तर उंची २८३ होते, पण मग पट्ट्यांसकट चौरस २२० चा, १२×१८ वर दोनच बसतील.

रबाळे_एमआयडीसी
२०० घेतली तर कागद ३०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) घ्या, १२० ला २५० पुरतो. आणि शीटच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा. प्रिंट हातात आली की दुकानातच मोजपट्टी लावायची. ९७ भरली तर त्याने 'फिट टू पेज' लावलंय, 'अ‍ॅक्च्युअल साइज'वर पुन्हा काढायला सांगा.

जांभळीनाका
रेघ टाकली. १२० वरच ठेवतो, मुलांच्या हातात तेवढाच बरा.